दारातला विळा

कुठल्याही पॉलिहाऊसच्या दारात पाय ठेवला की आम्रपाली ओव्हाळ आधी एकच विचारायची, "विळा कुठाय?" चहा नंतर, पाणी नंतर, गुलाबाचं कौतुक त्याच्याही नंतर. आंबेठाण, वराळे, त्या सगळ्या पट्ट्यातल्या फुलवाल्यांना हे पाठ झालं होतं. तिची स्कूटर वळणावर दिसली की लोक आपापल्या दारातला विळा जागेवर आहे ना, हे हाताने चाचपून बघायचे.

आता विळा कशाला, ते सांगायला हवं. पॉलिहाऊस म्हणजे लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेला प्लॅस्टिकचा कागद. आत गुलाब सुखात असतात. पण वैशाखात वावटळ उठली आणि वारा कागदाखाली शिरला, तर अख्खं घर उलट्या छत्रीसारखं वर उचललं जातं. पाइप पायासकट उपटतात आणि आत जो कुणी असेल त्याच्या डोक्यावर येतात. तेव्हा इलाज एकच. लांब बांबूला बांधलेला विळा उचलायचा आणि आपल्याच हाताने आपला कागद उभा फाडायचा. वाऱ्याला वाट मिळाली की तो निघून जातो. कागद जातो, सांगाडा राहतो, माणसं राहतात. कागद काय, पुन्हा चढवता येतो.

आम्रपाली विमा कंपनीत फील्ड अंडररायटर होती. नाव भारदस्त, काम उन्हातान्हातलं. शेतावर जायचं, पाया किती खोल गेलाय बघायचा, नट गंजलेत का बघायचे, वारा कुठल्या अंगाने येतो ते विचारायचं आणि ठरवायचं की या घराचा विमा कंपनीने उतरवावा की नाही. शेतकीची पदवी घेतलेली पोरगी. राहायला चिखलीत. रोज सकाळी मोशीवरून चाकणच्या रस्त्याला लागायचं आणि ट्रकांच्या रांगेत धूर खात पोचायचं. दारात विळा असणं ही चांगली गोष्ट, हे तिला कंपनीनेच प्रशिक्षणात शिकवलं होतं. नुकसान कमी व्हावं म्हणून विमा घेणाऱ्याने स्वतः झटलं पाहिजे, असं पॉलिसीत छापलेलंसुद्धा आहे. एवढं ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आंबेठाणला छबूबाई मांडेकरचं गुलाबाचं घर होतं. छबूबाई पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, कुणाचं ऐकून न घेणारी. नवरा आबाजी गुडघ्यांनी बसलेला, त्यामुळे कारभार सगळा हिच्याकडे. अर्धी जमीन कारखान्यात गेली तेव्हा आलेल्या पैशांत बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, बंगल्यांवर सिमेंटचे घोडे बसवले. हिने पॉलिहाऊस उभं केलं. लोक हसले. "हसू द्या," ती म्हणायची, "घोडं काय फुलं देत न्हाई."

पहिल्या तपासणीला आम्रपालीने विचारलं, "मावशी, विळा कुठाय?"

"विळा? गोठ्यात आसल. कशाला गं?"

आम्रपालीने समजावलं. छबूबाईने ऐकलं आणि कपाळावर आठ्या घातल्या. "म्हंजी माजं घर मीच फाडायचं? येडी का खुळी तू?"

"घर वाचवायला कागद फाडायचा, मावशी. पॉलिसीतच लिहिलंय, नुकसान कमी करा म्हणून."

"तू सांगतीयास म्हनून," असं म्हणत छबूबाईने तिथल्या तिथे दाराशी खिळा ठोकला आणि बांबूला बांधलेला विळा टांगला. त्यानंतर आम्रपालीने सही केली.

गेल्या वर्षी मे महिन्यात वारा आला. दुपारची वेळ. छबूबाईची सून श्रद्धा आणि कामाला येणारी म्हातारी चिमाबाई, दोघी आत फुलं कापत होत्या. पाइप करकरायला लागले, तशी छबूबाईने बांबू उचलला आणि शिव्या देत, रडत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कागद फाडला. घर उभं राहिलं. श्रद्धा आणि चिमाबाई चालत बाहेर आल्या.

शेजारच्या गणराजचं घर मात्र गेलं. गणराज लग्नाला ताथवड्याला गेला होता, फाडायला कुणी नव्हतं. त्याचा सांगाडा उडून कांद्याच्या वावरात जाऊन पडला. आत माणूस नव्हतं, नशीब म्हणायचं.

गणराजला विमा मिळाला, सगळाच्या सगळा. छबूबाईला मिळाला नाही.

कारण काय, तर म्हणे कागद वाऱ्याने फाटलेला नाही, विमाधारकाने स्वतःच्या हाताने फाडलाय. झालं! जिने राखलं तिला गुद्दे आणि ज्याचं पडलं त्याला लाडू. गणराज चांगला पोरगा, त्यालाही लाज वाटली. "काकी, हा कुठला न्याय राव," म्हणत तो नंतर दोन दिवस छबूबाईच्या ओट्यावर येऊन बसला. पण लाज वाटून कागद चढत नाही.

कंपनीचं ते उत्तर आम्रपालीने मोबाइलवर वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तशीच हिंजवडीला निघाली. कंपनीचं मोठं ऑफिस तिथे, सगळं काचेचं. गाड्यांच्या गर्दीत ती रांगत होती आणि हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलत होती. शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, फोनवर आहात का?" ती म्हणाली, "नाही. सराव करतेय."

वर तिचे साहेब, अर्णव सर, बसले होते. वयाने तिच्याहून लहान, बोलायला गोड, स्वभावाने वाईट नाही. पण त्यांनी पॉलिहाऊस बघितलं होतं ते फोटोत. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर शेळ्या नीट चालत नाहीत म्हणून ओरडायचं, असा प्रकार.

"सर, ते घर मी पास केलंय. विळा मी टांगायला लावलाय. तिने तेच केलं जे आपण सांगितलं."

"आम्रपाली, इमोशनल नको होऊ. वाऱ्याने फाटला असता तर आपण दिलंच असतं ना?"

"मग वाऱ्याने फाडायची वाट बघायची का तिने? आत दोन बायका असताना?"

"मी तसं म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की वारा आणि विळा यात फरक आहे. उद्या कुणीही जुना कागद फाडेल आणि म्हणेल, वारा आला होता."

"म्हणून तर मी आहे ना, सर? कागद जुना की नवा, ते बघायलाच तुम्ही मला उन्हात पाठवता. तो कागद नवा होता. मी बघितलाय, हात लावून बघितलाय!"

अर्णव सरांनी पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली. "हे बघ, वरून निर्णय झालाय. आणि यापुढे फील्डवर असले सल्ले देत जाऊ नकोस. आपण विमा विकतो, सल्ला नाही."

आम्रपालीने बाटलीला हात लावला नाही. तिला वाटलं, ही बाटली उचलावी आणि त्या काचेवर फेकून मारावी. मग साहेबांना विचारावं, आता सांगा, काच कशाने फुटली, बाटलीने की माझ्या हाताने? पण नोकरी होती, घर होतं. ती उठली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली उतरली.

घरी बाप व्हरांड्यात बसला होता. धोंडीबा ओव्हाळ. भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये, लोखंडी पत्रे दाबणाऱ्या मशीनवर, जन्म काढलेला माणूस, उजव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आलेला. मशीनला हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते. माल जास्त निघावा म्हणून सुपरवायझरने ती काढायला लावली होती. बोटं गेल्यावर कंपनीने काय लिहिलं? कामगाराने निष्काळजीपणे स्वतःच हात घातला. आम्रपाली तेव्हा चौथीत होती. ते वाक्य आई रडत रडत वाचत होती, ते तिच्या कानात राहिलं ते कायमचं.

लेकीने आज काय झालं ते सांगितलं. धोंडीबाने ऐकून घेतलं आणि चहाचा कप डाव्या हाताने खाली ठेवला.

"हात आपलाच असतो गं," तो म्हणाला. "म्हणून तर त्यांना लिहायला सोपं जातं."

दुसऱ्या दिवशी ती आंबेठाणला गेली. ही बातमी फोनवर सांगायची नाही, तोंडावर सांगायची, एवढी रीत तिला होती. छबूबाई गोठ्यात शेण काढत होती. तिने सगळं ऐकलं आणि घमेलं खाली आपटलं.

"तूच म्हनली व्हतीस, फाडा! म्हनली व्हतीस का न्हाई?"

"म्हटलं होतं, मावशी."

"मग तुजी कंपनी कोन आन् तू कोन? गणराज लग्नात मटण खात बसला, त्येला मिळालं. मी जीव खाऊन घर राखलं, तर माजाच हात वाईट? आगं, हे तर हात दाखवून अवलक्षण झालं!"

आम्रपालीने माफी मागायची तर कुणाच्या वतीने? छबूबाई तरातरा पॉलिहाऊसच्या दाराशी गेली, खिळ्यावरचा बांबू काढला, दोरी सोडली आणि विळा गोठ्यात भिरकावला. "आता वैरन कापंल ह्यो. बास."

कुठेतरी कोपऱ्यातली जागा गोदामवाल्याला भाड्याने देऊन छबूबाईने नवा कागद चढवला. आणि ही गोष्ट पंचक्रोशीत व्हायची तेवढी झाली. फाडलं की विमा बुडतो, पडलं की मिळतो. लोक काही मूर्ख नाहीत. एकेका दारातला विळा उतरला. पावसाळ्यानंतर आम्रपाली तपासणीला फिरली तर खिळे तसेच होते, विळा एकाही खिळ्याला नव्हता. ती आता विचारेना. काय तोंडाने विचारणार?

यंदाच्या मे महिन्यात छबूबाईच्या विम्याचं नूतनीकरण आलं. आम्रपाली गेली तेव्हा ऊन फटफटीत होतं. छबूबाईने चहा दिला, पण कप आपटूनच. आम्रपालीने नट बघितले, पाया बघितला, कागदाला हात लावून बघितला. नवाकोरा होता. श्रद्धा आणि चिमाबाई आत फुलांच्या जुड्या बांधत होत्या. विमा मागच्या पॉलिसीवर अजून चालू होता, आठवडाभर शिल्लक होता.

तेवढ्यात भामचंद्राच्या डोंगराच्या अंगाने धूळ उठली.

कोंबड्या आधी पळाल्या. मग गोठ्याचा पत्रा वाजायला लागला. पॉलिहाऊसचा कागद एकदा आत ओढला गेला आणि पुढच्या क्षणी फुगून वर आला. पाइप करकरले. एका बाजूचा पडदा सुटून फडफडायला लागला, तसा आतून श्रद्धाने त्याचा दोर धरला, दुसरा चिमाबाईने धरला. दोघी लोंबकळून धरून राहिल्या, कारण दोर सोडला तर वारा आत घुसणार आणि घर जाणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"सोडा! बाहेर या!" आम्रपाली ओरडली. वाऱ्यात तिचं तिलाच ऐकू गेलं नाही. ती छबूबाईकडे वळली. "मावशी, फाडा! कागद फाडा!"

छबूबाई दारात उभी होती. हात छातीशी घट्ट बांधलेले, ओठ पांढरे पडलेले.

"हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "पडू दे. पडलं तर मिळंल."

"दोघी आत आहेत, मावशी!"

"श्रद्धे, ये गं भाईर! चिमे, ये!" छबूबाई किंचाळली, पण हात सोडले नाहीत. कोपऱ्यातला एक पाइप पायातून वर आला. सिमेंटचा गठ्ठा त्याला लटकलेला दिसला.

मग आम्रपालीने विचार केला नाही. गोठ्यात वैरणीच्या ढिगावर विळा पडला होता, तो तिने उचलला. कुंपणाचा एक बांबू उपटला. दोरी शोधायला वेळ कुठला? तिने गळ्यातली ओढणी ओढली, विळा बांबूच्या टोकाला करकचून बांधला आणि आत शिरली. डोक्यावर कागद ढोलासारखा वाजत होता. तिने बांबू वर घातला आणि जीव खाऊन खाली ओढला. कागद टर्रकन फाटला. वारा आरडत वर निघून गेला. तिने दुसरा पट्टा फाडला, तिसरा फाडला, आणि फाडताना ती शिव्या देत होती. वाऱ्याला नव्हे. कुणाला, ते तिला पक्कं माहीत होतं. पाइप खाली बसले. श्रद्धा दोर सोडून मटकन खाली बसली आणि चिमाबाई तिच्या अंगावर पडून रडायला लागली.

वारा गेला तेव्हा घर उभं होतं. नवाकोरा कागद चिंध्या होऊन पाइपांना लोंबत होता.

आम्रपालीने तिथूनच अर्णव सरांना फोन केला. काय झालं ते सांगितलं.

"तू फाडलास?" ते म्हणाले. "आपल्या कंपनीच्या माणसाने? आम्रपाली, तुला कळतंय का तू काय केलंयस?"

"कळतंय, सर. तुमच्याच नियमात काय आहे ते वाचा. विमाधारकाने स्वतःच्या हाताने फाडला तर द्यायचं नाही. विमाधारकाने बोट लावलेलं नाही. हात माझा आहे, म्हणजे तुमचा आहे. आता लिहा काय लिहायचं ते."

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. छबूबाईला विमा मिळाला. कंपनीच्याच माणसाने कंपनीचा विमा घेतलेलं घर फाडलं, ही गोष्ट चार लोकांत जाऊ नये म्हणून गुपचूप मिळाला. आणि आम्रपालीला फील्डवरून उचलून हिंजवडीच्या काचेत बसवलं. आता ती फोटो बघून घरं पास करते. आपणच ज्या उंटाला हसलो त्यावरच आपल्याला चढवून ठेवलंय, असं ती बापाला म्हणाली. धोंडीबा हसला नाही. तिथेही ती प्रत्येक फोटोत दाराजवळचा खिळा शोधते, आणि विळा दिसला नाही की फोन लावते. पगार त्याच कंपनीचा, फोन त्याच कंपनीचा. बोंबलत बसा म्हणावं.

पण खरी गोष्ट त्या दिवसाची आहे, ज्या दिवशी नुकसान बघायला सर्व्हेअर आला. साधा माणूस, घामाने निथळत आलेला, हातात टॅब. त्याने फाटका कागद बघितला, फोटो काढले. आम्रपाली म्हणाली, "मी फाडलाय. नाव लिहा. आम्रपाली धोंडीबा ओव्हाळ." त्याने लिहिलं आणि मग छबूबाईकडे बघून विचारलं, कारण ते विचारणं त्याचं कामच होतं, "मावशी, तुम्ही कागदाला हात लावला होता का?"

सगळ्यांना वाटलं, झालं, आता ही नाही म्हणेल आणि प्रकरण मिटेल. आम्रपालीने डोळ्यांनी खूणही केली.

"न्हाई लावला," छबूबाई म्हणाली. "हे लिवा."

सर्व्हेअरने लिहिलं.

"आन् म्होरलं बी लिवा. माजी सून आत व्हती. चिमाबाई आत व्हती. विळा गोठ्यात पडला व्हता, मला ठावं व्हतं कुठं पडलाय त्ये. तरी मी दारात हात बांधून हुबी राह्यले. तुमच्या पैक्यापायी. जन्मात कदी मी हात बांधून हुबी न्हवते राह्यले, शेजाऱ्याची म्हस बुडाली तरी न्हवते राह्यले. ह्ये तुमी केलं माजं. लिवा की. का थांबलात?"

सर्व्हेअरचं बोट टॅबवर तसंच राहिलं. हे लिहायला त्यात जागा नव्हती.

श्रद्धा दारात उभी राहून सासूचं बोलणं ऐकत होती. ती आत गेली नाही, सासूजवळही आली नाही. छबूबाईने एकदा तिच्याकडे बघितलं आणि पदराने तोंड पुसलं.